नळाला पाणी चार दिवसांआड, आणि घरात समुद्र

सोलापुरात कुणाला सांगितलं की घरी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आहे, तर पहिला प्रश्न माशांबद्दल येत नाही. "पाणी कुठनं आणता?" हा येतो. त्यात चूक काही नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, अशा गावात घरातल्या घरात समुद्र करायला निघालेल्या बाईकडे लोक जरा जपूनच बघतात.

दहा वर्षं मी गप्पी आणि मोली पाळले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, त्यामुळे आकडे मांडून ठेवायची सवय आहे. वहीत तारखा होत्या म्हणूनच हे लिहिता आलं. दोन क्लाउनफिश (नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे समुद्री मासे) आणि त्यांना राहायला एक ॲनिमोनी (फुलासारखा दिसणारा, डंख मारणाऱ्या भुजांचा समुद्री जीव), एवढंच हवं होतं. त्याला पावणेनऊ महिने लागले आणि मधे एक जीव माझ्या घाईनं गेला.

सुरुवात 14 जुलै 2024, रविवार. जुलै मुद्दाम निवडला. इथे मार्च ते जून नवी टाकी लावणं म्हणजे पाणी उकळायला ठेवणं. टाकी तीन बाय दीड बाय दीड फुटांची, काठोकाठ भरली तर 190 लिटर, दगड-वाळू घातल्यावर साधारण 160. नव्या पेठेत काच कापून जोडून घेतली, 9,500 रुपये. लोखंडी स्टँड वेल्डिंगवाल्याकडून, 4,200. सगळं मिळून सव्वादोनशे किलोच्या वर वजन जातं, म्हणून तळमजल्यावर, भिंतीला लागून, खिडकीपासून लांब ठेवली. खिडकीजवळ ऊन येतं आणि शेवाळाला ते पुरतं.

आता पाणी. उजनीचं नळाचं पाणी माझ्या टीडीएस मीटरवर (तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो) 400 च्या आसपास दाखवतं, आमच्या बोअरचं 1,100. दोन्ही चालत नाहीत. पिण्याचा आरओही पुरत नाही, कारण त्यातून 30-40 तरी उरतातच. त्यापुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळी लावून मीटरवर शून्य आणावं लागतं. हे मशिन 6,000 ला पडलं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे जवळजवळ तीन लिटर बाहेर जातं, आणि सोलापुरात ते गटारात सोडायची छाती माझी तरी नव्हती. ते एका पिंपात धरते. भांडी, फरशी, गाडी धुणं त्यात होतं. झाडांना घालत नाही, त्यात क्षार फार साठलेले असतात. तुळशीची पानं कडेनं जळाली तेव्हा कळलं.

मीठ म्हणजे खायचं नव्हे, समुद्राचं जाडं मीठही नव्हे. टाकीसाठी वेगळं तयार मिश्रण मिळतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे मापात असतात. वीस किलोची बादली 6,800 ला आली. लिटरला 36 ते 40 ग्रॅम, ब्रँडप्रमाणे. घनता 1.025 हवी, ती रिफ्रॅक्टोमीटरवर बघायची. त्याचा काटा साध्या पाण्यावर शून्याला लावून मी महिनाभर खूश होते. नंतर 35 पीपीटीचं (हजार भागांत 35 भाग मीठ) तयार द्रावण आणून तपासलं तर माझं पाणी दोन पीपीटीनं कमी खारं होतं. दोनशे रुपयांची बाटली आहे, पहिल्याच दिवशी घ्या.

दगडाचं सांगते. एका दुकानात मला हळू आवाजात "समुद्रातला, प्रवाळ असलेला" दगड दाखवतो म्हणाले. मी नको म्हटलं. आपल्याकडे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ असतो त्याच यादीत. 18 किलो कोरडा सच्छिद्र दगड आणि वाळू 7,000 ला घेतली. त्यामुळे माझी टाकी नावालाच रीफ, म्हणजे प्रवाळाची टाकी, आहे, प्रवाळ एकही नाही. पण ॲनिमोनीसाठी दिवा तितकाच जोरदार लागतो, कारण तिच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर तेच तिचं बरंचसं पोट भरतं. दिवा 11,000, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) 8,500, दोन वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारे पंखे) 3,600, रिफ्रॅक्टोमीटर 1,600, टेस्ट किट 5,200.

मग सायकल, म्हणजे टाकी माशांसाठी तयार करणं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो आणि तो त्यांना विष, म्हणून रिकाम्या टाकीत आधी अमोनिया खाणारे जिवाणू वाढवायचे. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. त्यांना पहिला घास म्हणून अमोनियम क्लोराइडची छोटी बाटली मिळते. बाटली हातात घेतल्यावर हसू आलं. हा तर कल्हईवाल्याचा नवसागर, फक्त शुद्ध केलेला! माझ्या आजोळी दारात भाता मांडून कल्हई चालायची, तो नाकात जाणारा धूर याचाच. (कल्हईचा नवसागर टाकीत घालू नका, त्यात काय काय असतं सांगता येत नाही.) 2 पीपीएम (दहा लाख भागांत दोन) अमोनिया केला, जिवाणूंची बाटली ओतली आणि दिवा बंद ठेवून रोज नळीतल्या पाण्याचा रंग बघत बसले. बारा दिवस हिरवा, म्हणजे अमोनिया आहे. मग पिवळा, म्हणजे संपला. मग नायट्राइट वर गेलं ते खाली येईना. 20 ऑगस्टला दोन्ही शून्य, पस्तीस दिवसांच्या वर लागले. या काळात घरातले "मासे कुठायत?" विचारून दमले. पाहुण्यांना मी दगड दाखवत होते.

25 ऑगस्टला पुण्याहून ऑसेलारिस जातीचे दोन क्लाउनफिश आणले, 1,800 ची जोडी. दुकानात सगळे निमोच म्हणतात. टाकीतच पैदास झालेले मागून घेतले. आता आपल्याकडे क्लाउनफिशची पैदास होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यावर बरंच काम केलं आहे, आपल्या ऐरोलीतही हॅचरी आहे. असे मासे पहिल्या दिवसापासून दाणा खातात आणि समुद्रातनं कुणी ओढून काढलेले नसतात.

जोडी लावणं अवघड असेल असं वाटलं होतं. ती या सगळ्यातली सोपी गोष्ट निघाली. क्लाउनफिश आधी नर असतात. दोघांत जो वरचढ ठरतो तो मादी होतो आणि मग परत नर होत नाही. म्हणून दोन पिल्लं घ्यायची, एक मोठं, एक लहान. माझी मोठी चार सेंटिमीटरची, धाकटा अडीचचा. दोन मोठ्या माद्या एकत्र टाकल्या तर एक मरेपर्यंत भांडण होतं. पहिले तीन दिवस मोठीनं धाकट्याला कोपऱ्यात दाबून ठेवलं. मी झोपले नाही. चौथ्या दिवशी धाकटा तिच्यापुढे आडवा झाला आणि थंडी भरल्यासारखा अंगभर थरथरला. "तू मोठी, मी कबूल" असा त्याचा अर्थ. त्यानंतर भांडण मिटलं. माझ्या सातवीतल्या मुलानं हे बघून बापाकडे बघितलं, एवढंच सांगते.

इथवर सगळं नीट चाललं होतं, आणि मी तिथेच बिघडवलं.

ॲनिमोनीला जुनी, मुरलेली टाकी लागते. निदान सहा महिने थांबा, हे मी दहा ठिकाणी वाचलं होतं. माझी टाकी तीन महिन्यांची होती, वाळूवर अजून तपकिरी थर धरत होता. पण दसरा आला. 12 ऑक्टोबर, मुहूर्त, आणि नेमकी पुण्याला जायची गाठ पडली. दुकानदार म्हणाला, "ताई, टाका बिनधास्त, काही होत नाही." त्याला दोष देत नाही, मला तेच ऐकायचं होतं. बबल टिप जातीची, तपकिरी, 3,500 रुपये. पहिल्या रात्री छान फुलली. दुसऱ्या दिवशी दगडावरून खाली उतरली. ॲनिमोनी चालते हे वाचलेलं होतं. काचेवर तिचा तळवा गोगलगाईसारखा सरकताना बघणं वेगळं. तिला जागा पटत नव्हती. वेव्हमेकरला जाळी लावायची राहिली होती, रविवारी लावू म्हटलं.

16 तारखेला कोजागिरी होती. आम्ही गच्चीवर दूध आटवत होतो. साडेअकराला खाली आले तर टाकीतलं पाणी दुधासारखं. विनोद करत नाही, खरंच पांढुरकं झालं होतं, आणि वेव्हमेकर घरघरत होता. ॲनिमोनी त्यात ओढली गेली होती. वास सांगवत नाही.

मेलेली ॲनिमोनी काही तासांत सगळी टाकी नासवते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. तयार खारं पाणी घरात फक्त 25 लिटर होतं. ते बादलीत ओतलं, त्यात हवेचा पंप सोडला आणि मासे त्यात हलवले. दुसऱ्या पिंपात 40 लिटर शुद्ध पाणी होतं, त्यात मीठ घालून ढवळत बसले. मीठ पूर्ण विरघळून पाणी स्थिर व्हायला कितीतरी तास द्यायचे असतात, मी दोन दिले. तुकडे हातानं, मग चहाच्या गाळणीनं काढले. 40 लिटर बदललं, ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी टाकली. पहाटे चारला अमोनियाची नळी हिरवी होती. दुसऱ्या दिवशी रजा टाकून आणखी 40 लिटर. नवरा न बोलता फरशी पुसत होता. घरात सोलापुरी टॉवेलांना तोटा नाही, त्या रात्री अकरा भिजले. तिसऱ्या दिवशी नळी पिवळी झाली. मासे वाचले.

त्यानंतर चार महिने मी टाकीत नवीन काहीही टाकलं नाही. वेव्हमेकरना बारीक प्लास्टिकची जाळी आणि वरून स्पंज बांधला, दर आठवड्याला धुते. झाकणाच्या ड्रममध्ये 60 लिटर खारं पाणी कायम तयार ठेवते. दर रविवारी 15 लिटर बदलते. या काळात माशांनी आपलं घर ठरवून टाकलं: थर्मामीटर. काचेला चिकटवलेल्या त्या नळीला दोघं अंग घासायचे, रात्री तिच्याखाली झोपायचे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांना मी हेच दाखवलं. कुणीतरी विचारलं, "ह्यांना ताप आलाय का?"

दुसरी ॲनिमोनी दुकानातून आणली नाही. बबल टिप टाकीत सुखी असली की कधीकधी स्वतःच मधोमध फाटून दोन होते. पुण्यात एकांकडे तशी फाटलेली पिल्लं होती, वर्षानुवर्षं टाकीतच वाढलेली. अशीच मिळाली तर घ्या, 2,500 मध्ये माझं काम झालं. त्यांनी आधी माझ्या वहीचे फोटो मागवले, दोन महिन्यांचे आकडे बघितले, तेव्हा हो म्हणाले. देताना मुठीएवढ्या दगडासकट दिली. "तळवा सोडवायला जाऊ नका, फाटला तर गेली." घेताना काय बघायचं तेही दाखवलं: तोंड मिटलेलं हवं, अंगाला रंग हवा (पांढरीशुभ्र म्हणजे आतलं शैवाल गेलेली, आजारी), आणि बोट लावलं की भुजा चिकटायला हव्यात.

16 फेब्रुवारी 2025, रविवार. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस. थर्माकोलचा डबा, त्याभोवती चादर, मांडीवर. दौंड गेल्यावर शेजारच्या आजींनी विचारलं, "काय हाय बाळा त्यात, केक?" मी हो म्हटलं. समजावून सांगायला कुर्डुवाडी आली असती.

घरी दहानंतर पोचलो. पिशवीतली घनता 1.023, टाकीत 1.025. तिला सवय व्हावी म्हणून टाकीचं पाणी तिच्या पाण्यात थेंबाथेंबानं सोडलं: हवेच्या नळीला गाठ मारून सेकंदाला दोन थेंब, दीड तास. दिवा बंद, वेव्हमेकर बंद. दगड खोबणीत बसवला आणि एक तासानं प्रवाह हळू चालू केला. पहिला आठवडा दिवा निम्मा, खाणं नाही. ती एकदा फूटभर सरकली, मी मुलाला "हात लावू नको" सांगत स्वतःचा हात आवरत होते. पाचव्या दिवशी दोन दगडांच्या फटीत तळवा घालून बसली, भुजा उजेडात. तिथून आजपर्यंत हललेली नाही.

तिचं खाणं म्हणजे आठवड्यातून एकदा नखाएवढा कोळंबीचा तुकडा, बिनमिठाचा. आमचं घर शाकाहारी. सासूबाई म्हणाल्या, "टाकीत काय घालायचं ते घाल, माझ्या फ्रीजात नाही." कोळंबी शेजारच्या काकूंच्या फ्रीजरमध्ये एका डब्यात असते, दर बुधवारी एक तुकडा आणते. डब्यावर त्यांनी पट्टी लावली आहे: माशांचं.

आणि मासे? त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. थर्मामीटर सोडायला तयार नाहीत. खरं तर यात त्यांचं चुकत नाही. यजमान होणाऱ्या ॲनिमोनींच्या जाती जगात दहा, आणि प्रत्येक क्लाउनफिश प्रत्येकीत राहत नाही. ऑसेलारिस समुद्रात बबल टिपमध्ये राहत नाही. त्याच्या नेहमीच्या जाती टाकीत टिकवायला फार कठीण, म्हणून आपण त्याला दुसरं घर दाखवतो. कित्येकदा तो घेतो, कधी घेत नाही. मॅरून जातीचा क्लाउनफिश घेतला असता तर कदाचित पहिल्याच दिवशी आत गेला असता, पण त्याचा राग आवरत नाही म्हणतात.

युक्त्या सगळ्या करून झाल्या. मुलानं मोबाइलवर ॲनिमोनीतल्या माशांचा व्हिडिओ लावून काचेला टेकवून धरला, अर्धा तास. माशांनी मोबाइलवर हल्ला केला. आरसा लावला, तोच प्रकार. जाळीत धरून ॲनिमोनीजवळ सोडायची युक्ती कुणी सुचवली, ती मी केली नाही, दोघंही घाबरतात. मला वाटतं उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा, मार्चअखेर थर्मामीटर काढून दुसऱ्या टोकाला, ॲनिमोनीपासून वीतभर अंतरावर लावला.

4 एप्रिल, शुक्रवार. सत्तेचाळिसावा दिवस. सकाळी सातला, दिवा लागायच्या आधी, मी चहा घेऊन बसले होते. मोठी थर्मामीटर सोडून खाली आली आणि ॲनिमोनीकडे पाठ करून थांबली. मग मागं मागं सरकत शेपटीचं टोक एका भुजेला लावलं. चटका बसल्यासारखी पुढं उडाली. परत आली. परत शेपटी, मग पोटाखालचा पर. एक भुजा परावर चिकटून ताणली गेली आणि सुटली. असं किती वेळा केलं मोजलं नाही, चहा थंड झाला. प्रत्येक वेळी जरा जास्त वेळ. तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर असा सरावतो म्हणतात. पावणेआठच्या सुमाराला ती एकदम कुशीवर वळली आणि भुजांच्या मधोमध शिरली, फक्त तोंड बाहेर. मग आत गोल गोल फिरत राहिली, गादीवर लोळणाऱ्या पोरासारखी. धाकटा बाहेर येरझाऱ्या घालत होता. तो रात्री दहाला गेला. मी कामावर अर्धा तास उशिरा पोचले आणि कारण सांगितलं नाही.

लगेच उन्हाळा समोर होता. पाणी थंड करणारा चिलर परवडणारा नव्हता. टाकीचं झाकण काढून पृष्ठभागावर तिरके दोन छोटे पंखे लावले, 1,800 दोन्हीचे. इथली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनाची युक्ती मुंबईपेक्षा आपल्याकडे चांगली चालते. एप्रिलच्या दुपारी पाणी 31 वर गेलेलं 27 वर आलं. बदल्यात रोज चार लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही, म्हणून भरताना साधं शुद्ध पाणीच भरायचं, खारं नाही. काचेवर निळ्या चिकटपट्टीची खूण आहे, शाळेतून आल्यावर मुलगा खुणेपर्यंत भरतो. लाईट गेली की वेव्हमेकर इन्व्हर्टरवर, शिवाय चार्जिंगचा हवापंप, 700 रुपये. विजेचं म्हणाल तर महिन्याला 60 युनिट वाढले, आणि शंभराच्या पुढचा दर वेगळा असतो हे बिल आल्यावर आठवलं. एकूण खर्च पाऊण लाखाच्या आतबाहेर. पान उलटून बेरीज दाखवायला अजून कुणी मागितलेलं नाही.

बुधवारचा कोळंबीचा तुकडा आता मी चिमट्यानं ॲनिमोनीपर्यंत नेत नाही. पाण्यात सोडला की मोठी तो तोंडात धरून आत नेऊन ठेवते, धाकट्याला हात लावू देत नाही. थर्मामीटरकडे कुणी फिरकत नाही. अडचण एकच झाली आहे. काच पुसायला हात आत घातला की मोठी सरळ येऊन चावते. रक्त येत नाही, पण दर वेळी दचकून पाणी फरशीवर सांडतं. मागच्या रविवारी स्वयंपाकघरातलं लांब दांड्याचं लाकडी उलथनं घेऊन त्याला स्पंज बांधला. तिनं उलथन्यालाही सोडलं नाही, आणि सासूबाई दोन दिवस ते शोधत होत्या.